सँ-दनी कुणाचं?

वाटसरू

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावला आणि अकरावा आला. ती शर्यत झाली ते मैदान खरं तर पॅरिसमध्ये नाही, शहराच्या उत्तर वेशीबाहेर सँ-दनी नावाच्या गावात आहे. आजचा लेख या नावाबद्दल.

सँ-दनी म्हणजे संत दनी, तिसऱ्या शतकातला, पॅरिसचा पहिला बिशप. धर्मप्रसारासाठी रोमकडून आलेला, म्हणजे परका. माँमार्त्रच्या टेकडीवर त्याचा शिरच्छेद झाला आणि तुटलेलं मस्तक हातात घेऊन तो काही कोस चालला, अशी आख्यायिका. कोसळला तिथे समाधी झाली आणि समाधीवर पुढे चर्च उभं राहिलं. बाराव्या शतकात मठाधिपती सुजेरने त्याचा गाभारा नव्याने बांधवला. जाड भिंतींवरचा भार टोकदार कमानींवर आणि बारीक खांबांवर तोलला, मोकळ्या झालेल्या जागी रंगीत काचा बसवल्या. ११४४मध्ये तो पुरा झाला. गॉथिक वास्तुशैलीची सुरुवात इथूनच मानतात. फ्रान्सचे बहुतेक राजे इथेच पुरले गेले. १७९३मध्ये क्रांतिकारकांनी त्यांच्या कबरी उकरल्या, संताचं नाव पुसून गावाचं ‘फ्रान्सियाद’ केलं. ते टिकलं नाही.

जुनं नाव मात्र कुठे कुठे पोचलं! हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाच्या राजधानीला ते सँ-दनी नावाच्या जहाजावरून मिळालं. अमेरिकेत रूथ डेनिस नावाची मुलगी रूथ सेंट डेनिस झाली. भारत न पाहताच १९०६मध्ये तिने ‘राधा’ हे नृत्य रंगमंचावर आणलं आणि पुढे वीस वर्षांनी आपला संच घेऊन ती भारतात आली.

मूळच्या सँ-दनीत आज अल्जीरिया, माली, पोर्तुगालहून आलेली कुटुंबं राहतात. राजांची दफनभूमी ‘परक्यांच्या’ हाती गेली, अशी हळहळ तिथले काही राजकारणी उघडपणे व्यक्त करतात. ती मला अन्यायाची वाटते. ज्याच्या नावाने गाव वसलं तोच बाहेरून आला होता. १९९८चा फुटबॉल विश्वचषक फ्रान्सने इथेच जिंकला, त्या अंतिम सामन्यातले दोन गोल अल्जीरियन आईबापांच्या झिदानचे होते. त्या रात्री या वस्तीला कुणी परकं म्हटलं नाही.

एकोणिसाव्या शतकात कोसळण्याच्या भीतीने उतरवलेला चर्चचा उत्तर मनोरा आता पुन्हा उभारला जातोय. तिथला दगड घडवायला आधी याच गावातल्या मुलामुलींना शिकवावं, कामावरही त्यांनाच घ्यावं.