दोन घोरपडी

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. माथ्यावर महाराज, पायथ्याशी मावळे, मध्येच हळिवाची शेती, आणि एखाद्या हौशी घरी कड्यावरून सोडलेला सुतळीचा दोर. त्या दोराच्या टोकाला काय बांधले होते, असे विचारून पाहा. सहा वर्षांचे पोरही छाती फुगवून सांगेल, "यशवंती घोरपड!" आता त्यालाच विचारा, "बाळ, घोरपड कधी पाहिलीस का रे?" बाळ आईकडे पाहील, आई बाबांकडे पाहील आणि बाबा वर्तमानपत्रात डोके घालतील.

वाचकहो, आपल्या महाराष्ट्रात दोन घोरपडी राहतात. एक गोष्टीतली आणि दुसरी शेताच्या बांधावरची. परदेशांतल्या लोकांनी आग ओकणारा ड्रॅगन कल्पिला. आपल्याकडे तेवढी आग नाही, पण ड्रॅगनचे बाकीचे सारे मानमरातब आपण घोरपडीला बहाल केले आहेत. या गोष्टीतल्या घोरपडीचे प्राणिशास्त्र थोडक्यात असे : ती कड्याला चिकटली की अंगावर गडी लोंबकळला तरी सुटत नाही. तिचे पिल्लू चावले तर माणूस पाणीही मागत नाही. तिच्या तेलाने गुडघे धरलेला म्हातारा धावू लागतो. तिच्या मांसाने बळ येते. आणि तिच्या अंगातली एक वस्तू तिजोरीत ठेवली, तर लक्ष्मी घर सोडून जात नाही.

आता यातले खरे किती, ते एकेक करून पाहू.

प्रथम कडा. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो १६७० च्या फेब्रुवारीत. सभासदाच्या बखरीत कडा चढून जाणारे मावळे आहेत, घोरपड नाही. घोरपड घरोघर पोचली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यामुळे. मुधोळच्या घोरपडे घराण्याचीही अशीच कथा सांगतात : पूर्वजांनी घोरपडीच्या साह्याने खेळणा किल्ला सर केला आणि तेच आडनाव पडले. आता जरा हिशेब करू. चांगली थोराड घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटर भरते, म्हणजे जवळजवळ पुरुषभर. पण त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच! वजन फार तर सातएक किलो. पालीच्या बोटांखाली भिंत धरणाऱ्या सूक्ष्म केसांच्या झुली असतात, तशा घोरपडीला नाहीत. तिची सारी भिस्त नखांवर. त्या नखांनी ती झाडावर आणि खडबडीत खडकावर सुरेख चढते. परंतु सात किलोच्या जिवाने ढालतलवारीसह मावळा पेलावा, हे पोवाड्यातच शोभते.

मग ही समजूत मुळात आली कोठून? तिला लहानसा आधार आहे. जिवावर बेतले की घोरपड बिळात किंवा दगडाच्या फटीत शिरते, नखे रोवते आणि छाती भरून हवा घेऊन अंग फुगवते. फटीत अशी पाचर बसली की शेपूट धरून कितीही ओढा, ती निघत नाही. गड घेण्यासाठी नव्हे, तर जीव वाचवण्यासाठी तिने ही युक्ती कमावली आहे.

दुसरी गोष्ट विषाची. पिल्लाच्या अंगावर ठसठशीत ठिपके आणि पट्टे असतात, जीभ सापासारखी दुभंगलेली असते. एवढ्यावरून उत्तरेकडे पिल्लाला 'बिसखोपरा' नाव देऊन एक निराळाच भयंकर प्राणी ठरवला गेला. वास्तविक जीभ हे तिचे नाक आहे. ती बाहेर काढून हवेतले गंधाचे कण टिपायचे आणि टाळूतल्या एका इंद्रियाकडे पोचवायचे, हा तिचा शिरस्ता. या कुळाच्या जबड्यात काही विषारी द्रव्ये तयार होतात, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे; पण दंश केला की माणूस आडवा, असा हा प्रकार नव्हे. कोंडीत धरलेली घोरपड फुसकारते, शेपटीचा फटका देते आणि अगदीच नाइलाज झाला तर चावते. चावा दुखरा असतो, जखम चिघळू शकते, तेव्हा डॉक्टर गाठावा हे बरे. पण मुळात तिला पकडायलाच जाऊ नये, हे त्याहून बरे.

ड्रॅगन म्हणून जगभर गाजलेला कोमोडो हा हिचा सख्खा भाऊबंद. दोघेही 'वरानस' या एकाच प्रजातीतले. इंडोनेशियाच्या बेटांवरचा तो तीन मीटरचा बाबा शास्त्रज्ञांच्या दप्तरी नोंदला गेला १९१२ साली. आपल्या घोरपडीची नोंद त्याआधी एकशेदहा वर्षे, १८०२ मध्येच झालेली. वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोमोडोवर १९८१ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे आपल्या घोरपडीवरही तेवढ्याच निष्ठेने काम करून १९९४ मध्ये दुसरा ग्रंथ सिद्ध केला. परक्या माणसाने हिच्यासाठी वर्षे घालवली. आपण मात्र तिला पोवाड्यातून खाली उतरू दिले नाही.

आता बांधावरची घोरपड पाहू. ती पाहायला सिंहगडावर जायला नको. आमच्या मराठवाड्यात, नांदेड-लातूरकडे, नदीकाठच्या दरडी, नालाबांध, वारुळे आणि जुन्या विहिरींचे बांधकाम हे तिला मानवणारे मुलूख. कंधार, औसा, उदगीरच्या जुन्या तटांत असतात तशा फटी म्हणजे तिला आयते घरच. ही बाई दिवसा वावरणारी. सकाळी उन्हात अंग शेकून घ्यायचे आणि ऊब आली की कामाला लागायचे. काम म्हणजे काय? भुंगेरे, मातीतल्या अळ्या, विंचू, गोगलगायी, खेकडे, उंदीर, अंडी, प्रसंगी मेलेले जनावर. सोयाबीनच्या रानात हुमणीच्या नावाने कपाळाला हात लावणाऱ्या शेतकऱ्याने ही यादी पुन्हा एकदा वाचावी. जमीन उकरून अळ्या खाणारा हा मजूर रोजंदारी मागत नाही.

पावसाळा हा तिचा लगीनसराईचा काळ. दोन नर मागल्या पायांवर उभे राहून एकमेकांना कवळा घालतात आणि तालमीतल्या पैलवानांसारखी झटापट करतात. मादी जमीन उकरून किंवा वारूळ गाठून वीसएक अंडी घालते, खड्डा बुजवून नाकाडाने माती दाबते आणि चोराला चकवण्यासाठी शेजारी आणखी खोटे खड्डेही उकरते. केवढा हा शहाणपणा! पण पुढे मातीत अंडी उबायला साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. एवढ्या दीर्घ काळात बांधावर जेसीबी फिरला किंवा वारूळ फोडले गेले, तर पिढीच्या पिढी मातीत जाते. घोरपडीचे नुकसान चटकन भरून येत नाही, ते यामुळे.

आणि इथेच गोष्टीतली घोरपड बांधावरचीच्या जिवावर उठते. तेलाने सांधे बरे होतात या समजुतीपायी हिला मारतात. सांधे काही बरे होत नाहीत. 'हाथाजोडी' नावाची दुर्मिळ मुळी म्हणून धनलाभासाठी एक वाळकी वस्तू विकली जाते, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी. २०१७ साली तपासात उघड झाले, की ही मुळी नव्हे, नर घोरपडीचे कापून वाळवलेले गुप्तेंद्रिय आहे! देवघरात हळदकुंकू वाहून ठेवणाऱ्या कित्येक साध्याभोळ्या घरांना याची गंधवार्ताही नसेल.

एक नाजूक गोष्टही सांगावयास हवी. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, वाघ्या-मुरळीचे जागरण रंगते. त्या वाघ्याच्या दिमडीला घोरपडीचे कातडे मढवण्याची जुनी चाल होती. तो नाद गोड, हे कोण नाकारील? पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. तिला मारणे, पकडणे, तिचा कोणताही अवयव विकणे किंवा जवळ बाळगणे गुन्हा आहे. शिकार सिद्ध झाली तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. दिमडी शेळीच्या कातड्याने मढवली म्हणून खंडोबा काही कान बंद करून घेत नाही.

पोवाडा म्हणायचा नाही, असे का कुणी म्हणेल? खुशाल म्हणावा आणि मुलांना खड्या आवाजात ऐकवावा. फक्त पोवाडा संपल्यावर त्यांना एवढे सांगावे, की कडा माणसांनी चढला, जिवावर उदार होऊन. घोरपडीकडून त्यातला वाटा काढून घेतला, तर तानाजीचा पराक्रम वाढतोच. कमी होत नाही. आणि घोरपडीच्या डोक्यावरचेही मोठे ओझे उतरते.

शहरे वाढत चालली आहेत. काल जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आज प्लॉटिंगचे दगड आहेत. तेव्हा पावसाळ्यात तुमच्या कॉलनीच्या नाल्यात किंवा बागेत एखादी घोरपड दिसलीच, तर काठी शोधू नका. कुत्रे बांधा, मुलांना चार हात लांब उभे करून नीट पाहू द्या, आणि तिला जायला एक बाजू मोकळी ठेवा. अडकून पडली असेल तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. ती कोणावर धावून येणार नाही, भिंतीला चिकटून चमत्कारही करणार नाही. तिला फक्त जवळचे बीळ गाठायचे असते. तेवढे गाठू द्यावे.