किल्ली कुणाच्या कनवटीला?



मागच्या जिल्हा बैठकीत शेवटच्या अर्ध्या तासात एक विषय निघाला आणि चहाच्या गडबडीत तिथेच बुडाला. संघटनेच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, हा तो विषय. "त्यातले आपल्याला काय कळते, पोरे बघतील," म्हणत निम्मी सभा टोप्या झटकून उठली. आम्हाला ते पटले नाही. ज्या ज्या गोष्टीत आपण 'आपल्याला काय कळते' म्हणून मान खाली घातली, त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपल्या खिशात हात घातलेला आहे. तोलकाट्यातले आपल्याला कळत नव्हते. कापसाची प्रत ठरवणाऱ्याने बोंड चिमटीत धरून तोंड वाकडे केले की आपण गप्प बसत होतो. आता संगणकाच्या बाबतीतही तसेच गप्प बसायचे काय?

आधी आमची स्वतःची फजिती सांगतो. पाच हंगाम गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कापूस आणि ज्वारीच्या उत्पादन खर्चाचे तक्ते भरून आणले. नांगरटीला किती, वखरणीला किती, बियाणे, खत, डवरणी, निंदण, वेचणीची मजुरी, बारदाना, मोंढ्यापर्यंतचे भाडे. घरच्या बायकांच्या कष्टाचा रोज कधी नव्हे तो कागदावर मांडला होता. कृषी मूल्य आयोगाच्या आकड्यासमोर ठेवायला आपल्याकडे दुसरे हत्यार कोणते आहे? हे सगळे कार्यालयातल्या टेबलाखालच्या एका डब्यात होते. त्या डब्यावर एका विक्रेत्याने एका कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची चोरीची प्रत घालून दिली होती. तिच्यात दुरुस्त्या उतरत नव्हत्या. एक दिवस सकाळी डबा चालू केला तर सगळ्या फायलींना कुलूप आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. विक्रेत्याने हात वर केले. त्याचा दोष निम्मा. निम्मा आमचा, कारण चार पैसे वाचवायला चोरीची प्रत आम्हीच मागितली होती, आणि तक्त्यांची दुसरी प्रत कुठेही ठेवली नव्हती. ज्या घरात बियाण्याचे मडके वेगळे ठेवायची रीत आहे, त्या घरातल्या माणसांनी असे वागावे!

आता नव्याने सुरुवात करायची आहे. वीज कधी असते आणि कधी नसते अशा आपल्या कार्यालयात यंत्र ठेवण्यात अर्थ नाही. रात्रंदिवस चालणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, भाड्याने घ्यायचा हे ठरलेलेच आहे. प्रश्न उरतो तो त्या संगणकाच्या कारभाऱ्याचा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वाड्यावरचा कारभारी. कोण आत येईल, कुणाला कोणती खोली उघडेल, कुठले काम आधी होईल, हे तो ठरवतो. कारभारी चांगला आहे का, एवढेच विचारून भागत नाही. तो कुणाचे ऐकतो, हेही विचारावे लागते.

पहिली सूचना अशी आली की विंडोज सर्व्हर घ्यावा, रीतसर पैसे मोजून. ती खराब चीज आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठमोठ्या कचेऱ्या तिच्यावर चालतात. पण तिचा हिशेब ऐका. २०१६ च्या आवृत्तीपासून तिचा परवाना यंत्रातल्या प्रोसेसरच्या गाभ्यांवर मोजतात, आणि यंत्र कितीही लहान असले तरी किमान १६ गाभ्यांचा परवाना घ्यावाच लागतो. त्यावर, आतल्या कामाला तो वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा यंत्राला प्रवेशाचा वेगळा परवाना. म्हणजे औताचा पैसा वेगळा, बैलांचा वेगळा आणि धुऱ्यावरून वावरात उतरणाऱ्या प्रत्येक मजुराचा वेगळा. भाड्याच्या सर्व्हरवर हा पैसा भाड्यातच मिसळलेला येतो, एवढेच. एवढे करून मुदत कंपनीचीच. २०१२ च्या आवृत्तीची मदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या तर वरचे पैसे भरा, नाहीतर नवी आवृत्ती घ्या. आत काय लिहिले आहे ते बघायची सोय नाही आणि बिघडले तर स्वतः दुरुस्त करायची परवानगी नाही. एकाच खरेदीदाराला कापूस घालण्याची सक्ती काय असते हे एकाधिकार योजनेत आपण भोगले आहे. हद्दीपलीकडे चार पैसे जास्त मिळत असताना नाक्यावर गाड्या अडवलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना आठवत असतील. खरेदीदार एकच असला की काय होते ते आपल्याला कळते, मग विकणारा एकच असला की काय होईल ते का कळू नये?

दुसरी वाट लिनक्सची. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लायनस टोरव्हाल्ड्सने, १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि जगासमोर ठेवला. त्याच्या आधी, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा हट्टी माणूस म्हणत होता की प्रोग्रॅम ज्याच्या हातात आहे त्याला तो उघडून बघायचा, बदलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा हक्क पाहिजे. त्याने १९८९ साली त्यासाठी एक परवाना लिहिला, तो जीपीएल. १९९२ पासून लिनक्सचा गाभा त्याच परवान्याखाली आहे. या परवान्याची अट आपल्याला पुणे-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर समजेल. मालदांडी ज्वारीची टपोरी कणसे खळ्यावरच निवडून आपण राखेत घालून ठेवतो. शेजाऱ्याने मागितली तर पायलीभर देतो. तो ती पेरतो, निवडतो, त्याच्या जमिनीला मानवेल अशी करतो. जीपीएल एवढेच म्हणते की घे, पेर, सुधार, विकायचे तर वीक, पण ज्याला देशील त्याला तुला मिळाले तेच हक्क दे. मधेच कुणी कुंपण घालायचे नाही. आणि ज्वारी दिली तर आपल्या कणगीतली कमी होते, प्रोग्रॅम दिला तर आपला तसाच राहतो, हा वरचा फायदा.

कुणी म्हणेल, तुम्ही संकरित बियाण्याच्या विरोधात निघालात की काय? अजिबात नाही. २००२ पासून बीटीचे संकरित वाण आपण आपल्या मर्जीने लावतो आणि लावण्याचे स्वातंत्र्यही मागतो. बोंडअळीने कंबर मोडली होती, वाण उपयोगी दिसले, घेतले. पण दरवर्षी पाकीट घ्यावे लागते याची किंमत आपण जाणून मोजतो. जिथे त्याच तोडीचे सरळ वाण फुकट आणि हक्कासकट मिळते, तिथे पाकिटाच्या मागे धावणाऱ्याला काय म्हणावे?

पण 'लिनक्स घ्या' एवढे म्हटल्याने काम संपत नाही, आणि इथेच आपल्यातल्या शिकलेल्या पोरांशी आमचे भांडण आहे. लिनक्सचे वाण पुष्कळ. पोरे म्हणतात, कुठलेही घ्या, सगळे फुकटच आहे. फुकट आहे म्हणून आपले आहे, असे नसते. सेंटओएसची कहाणी ऐका.

रेड हॅट ही कंपनी लिनक्सचे एक वाण वर्षाच्या वर्गणीवर देते. त्याचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला असे. २००४ पासून काही स्वयंसेवक तोच मजकूर घेऊन, कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह काढून, तंतोतंत तेच वाण फुकट देऊ लागले. तेच सेंटओएस. जगभरातल्या छोट्या संस्थांनी, विद्यापीठांनी, दुकानदारांनी आपले सर्व्हर त्यावर उभे केले. २०१४ साली रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला आणि सगळ्यांना आनंद झाला, की आता पगारी माणसे मिळाली. २०१९ साली आयबीएमने रेड हॅटच विकत घेतली, ३४ अब्ज डॉलरला. त्याच वर्षी सेंटओएस ८ निघाली. २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील या भरवशावर लोकांनी ती बसवली. डिसेंबर २०२० मध्ये पत्रक निघाले की ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. एका पत्रकात आठ वर्षे गेली! कुणाला विचारले? ज्यांनी घरे बांधली होती त्यांना नाही. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या वाणाचा मूळ मजकूर सर्वांसमोर ठेवणेही थांबवले. तो गिऱ्हाइकांनाच मिळेल म्हणाले. परवान्याच्या अक्षरात ते बसतही असेल. व्यापाऱ्याने व्यापार केला, त्याला शिव्या देण्यात आम्हाला रस नाही. आमचा राग दुसऱ्याच्या धुऱ्यावरच्या आंब्याखाली खळे करणाऱ्यांवर आहे. सावली फुकट होती हे खरे, पण झाड कुणाचे होते? हक्काचा मजकूर खुला होता म्हणून सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक, ग्रेगरी कुर्टझर, यांनी रॉकी लिनक्स काढले, दुसऱ्यांनी अल्मालिनक्स काढले आणि लोक रस्त्यावर आले नाहीत. तरी जगभर किती जणांची रात्रीची झोप गेली असेल!

उबुंटूचेही तसेच. वाण चांगले, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या, शिकायला सोपे. पण मालक एक कंपनी. आणि ते उभे आहे डेबियनच्या पायावर. मग पायाकडेच का जाऊ नये?

म्हणून आमचे म्हणणे डेबियनचे आहे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते जाहीर केले. मरडॉक आज हयात नाहीत, डेबियन आहे. तिला मालक नाही. काम करणारेच सभासद, आणि सभासद दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. वापरणाऱ्यांशी केलेला करार त्यांनी १९९७ साली लिहून प्रसिद्ध केला. साधारण दोन वर्षांनी पक्की आवृत्ती निघते. तिला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे बेताची मदत मिळते. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली. एक जीबी स्मृतीच्या भाड्याच्या छोट्या यंत्रावरही आपल्या कामापुरती ती निभावते. बसवताना मराठी भाषा निवडता येते, आणि ते मराठी कुणीतरी बिनपगारी बसून केलेले आहे. त्यांची जागतिक परिषद २०२३ साली कोचीत भरली होती. म्हणजे हे काही सातासमुद्रापलीकडचे प्रकरण नाही.

डेबियनवाले देव नाहीत. २००६ साली त्यांच्याच एका माणसाने सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रॅममधली ओळ चुकीने काढली आणि मे २००८ पर्यंत तिथे बनलेल्या किल्ल्या ओळखता येण्यासारख्या निघाल्या. दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची. 'एक्सझेड' नावाचा फायली दाबून लहान करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. तो वर्षानुवर्षे एकच माणूस सांभाळत होता, बिनपगारी, थकलेला. एक जण टोपणनावाने आला, दोन वर्षे गोड बोलून मदत केली, विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला डेबियनच्या कच्च्या, चाचणीच्या आवृत्तीवर आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. त्याने खोदले आणि चोर सापडला. गंमत म्हणजे हा गृहस्थ पगार मायक्रोसॉफ्टचा घेतो. पक्क्या आवृत्तीपर्यंत ते विष पोचले नाही. मजकूर उघडा होता म्हणून खोदता आले. पण त्या एकट्या, थकलेल्या माणसाचे काय? सगळ्या जगाची मोट एकाच बैलाच्या मानेवर आणि पाणी घेणारे मात्र सगळे. संघटनेची पावती न फाडता आंदोलनाचा भाव खिशात घालणाऱ्यांना आपण काय म्हणतो ते आठवा.

"फुकटच्या वस्तूला विचारायला फोन नंबर कुणाचा?" असेही बैठकीत विचारले गेले. पैसे मोजलेल्या वस्तूलाही आपल्या वाट्याला फोन उचलणारा कुठे येतो? बियाणे उगवले नाही तेव्हा पाकिटावरच्या नंबरावर कुणी काय सांगितले ते प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे. म्युनिकचे उदाहरण मात्र आमच्या तोंडावर फेकले जाईल, म्हणून आधीच सांगतो. त्या शहराच्या पालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचे ठरवले, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ साली परत फिरायचा ठराव केला. तो कारकुनांच्या टेबलावरच्या संगणकांचा प्रश्न होता. आम्ही तालुक्याच्या टेबलांना हात लावा म्हणत नाही. ज्याला जे येते ते त्याने वापरावे. आम्ही फक्त खर्चाचे तक्ते, सभासदांची यादी, कोर्टाच्या केसेसचे कागद जिथे राहतील त्या एका यंत्राबद्दल बोलत आहोत.

त्याला माणसे लागतील, हे खरे. सर्व्हरवर चित्रे नसतात, काळा पडदा आणि अक्षरे. मोटारीचे स्टार्टर उघडून जळालेली कॉइल बदलणारी आपली पोरे त्याला घाबरतील असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा येत्या बैठकीत ठराव मांडत आहोत. सर्व्हरवर डेबियन. प्रत्येक तालुक्यातून दोन नावे, त्यातली एक मुलीची, तीन दिवसांच्या शिबिराला. सर्व्हरची किल्ली तिघांकडे, तिघे वेगळ्या गावचे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप उतरतील अशी मांडणी. रोज रात्री सगळ्या कागदांची कुलूपबंद प्रत दुसऱ्या ठिकाणच्या डिस्कवर, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत उघडून बघायची. पेव फोडल्याशिवाय आतली ज्वारी चांगली आहे असे कुणी म्हणू नये. वाचलेल्या परवान्याच्या पैशातून दरवर्षी थोडी रक्कम डेबियनला वर्गणी म्हणून. किती, ते बैठकीने ठरवावे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपले म्हणणे एका कागदावर लिहून आणावे. आणि जुन्या तक्त्यांचे कच्चे कागद ज्यांच्या घरी ट्रंकेत असतील, त्यांनी ते बैठकीला येताना बरोबर आणावेत. पुन्हा भरायला घ्यायचे आहेत.