यात्रा थांबली, पाणी कुठे गेले?

नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूरगडावर माणसांचा पूर येतो. लॉज, धर्मशाळा, हॉटेलांना पाणी लागते आणि तेच पाणी मैला होऊन टाक्यांत, नाल्यांत उतरते. मार्च २०२० मध्ये देवस्थाने बंद झाली. १७ ऑक्टोबर २०२० ला बसलेले नवरात्रही भाविकांविना गेले. लॉज ओस पडले, म्हणजे पाणी वाचले असे कुणालाही वाटेल.

वाचले नाही. ते वस्तीत लागू लागले. कामधंदा बंद, शाळा बंद, पुण्या-मुंबईहून परतलेली पोरे घरात. वरून सांगणे, वीस सेकंद हात धुवा. मिनिटाला ६ लिटर सोडणाऱ्या नळाखाली वीस सेकंद म्हणजे २ लिटर. पाच माणसांनी दिवसातून आठ वेळा हात धुतले तर ८० लिटर, म्हणजे पाच हंडे, नुसत्या हातांसाठी! ज्या माऊलीला ते डोक्यावरून आणायचे, तिला विचारून कुणी हा सल्ला दिला होता? (आधी हात ओले करा, पाणी बंद ठेवून साबण चोळा, मग मगाने धुवा, अर्ध्या लिटरात भागते.)

यात्रेच्या गावाचा पाण्याचा आराखडा यात्रेकरू धरून करावाच लागतो. मग यात्रा बंद पडली की त्यांच्या वाट्याचे पाणी टँकरने वस्तीत द्यायचे, हेही त्याच आराखड्यात लिहून ठेवा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आता सांडपाणी. २०२० मध्येच अहमदाबादच्या सांडपाण्यात गांधीनगर आयआयटीच्या संशोधकांना कोरोना विषाणूचे अंश सापडले. साथ किती पसरली हे गटारावरून कळू लागले. पण ही सोय गटारवाहिनी असलेल्या शहरांची. जिथे शौचालयाची टाकीच आहे तिथे कोण तपासणार?

७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरे पुन्हा उघडली. अशा वेळी बंद पडलेल्या टाक्या घाईघाईने उपसायला निघतात. बंद टाकीत विषारी वायू साठतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. उतरायला कुणाला बोलावतात, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने हे काम सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून करून घेणे गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. हजार-दोन हजार रोख दाखवून कुणी आपल्या पोराला बोलावले तर त्याला जाऊ देऊ नका. मालकाला मैला उपसणारी गाडी मागवायला सांगा. आणि ती गाडी पैनगंगेच्या काठी रिकामी होत नाही ना, तेही बघा.