वाटणीत गेलेली गावे

दोन भाऊ वेगळे निघाले म्हणजे गावात दिवसचे दिवस चर्चा चालते. वेगळे निघावे की न निघावे, चूक थोरल्याची की धाकट्याची, याचा खल होतो. विहिरीची पाळी कोणाकडे, बांधावरचा आंबा कोणाचा, म्हातारी आई कोणाच्या चुलीवर जेवणार, हे प्रश्न मात्र वाटणीपत्रावर अंगठे उठल्यानंतर पुढे येतात आणि त्यांची उत्तरे कोर्टाच्या पायऱ्यांवर शोधावी लागतात. घरांचे जे होते तेच राज्यांचे होते, देशांचेही होते. ‘वेगळे व्हावे का’ या प्रश्नावर सभा गाजतात, प्रसंगी रक्त सांडते; ‘वेगळे कसे व्हावे’ हा प्रश्न मात्र कचेरीतल्या टेबलावर सोडून दिला जातो. आमचे म्हणणे असे, की न्यायाची खरी कसोटी दुसऱ्या प्रश्नात आहे. आणि हे म्हणण्याचा अधिकार खानदेशाइतका फार थोड्या प्रदेशांना असेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांना सामावून घेणारे विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. ते ना मराठी माणसाला हवे होते, ना गुजराती माणसाला. इकडे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले होते, तिकडे महागुजरातचे. शंभराहून अधिक माणसे महाराष्ट्रासाठी प्राणास मुकली. अखेर साडेतीन वर्षांत ते राज्य मोडले. संसदेने १९६० साली मुंबई पुनर्रचना अधिनियम संमत केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये जन्मास आली. हा इतिहास शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

वेगळे व्हायचे हे ठरल्यावरही ‘कसे’ यावरून जाहीर वाद झाला, हे मात्र आता कोणी फारसे सांगत नाही. एक पक्ष म्हणत होता, मुंबई पदरात पडते आहे, आता घासाघीस नको. दुसरा पक्ष म्हणत होता, डांग आणि उंबरगाव सोडून, वर गुजरातच्या नव्या राजधानीसाठी दहा कोटी आणि पुढील काही वर्षांच्या तुटीसाठी आणखी रक्कम मोजून मिळणारा महाराष्ट्र हा पुरा महाराष्ट्र नव्हे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु या वादाची भाषा पाहिली तर ती सारी देण्याघेण्याची भाषा आहे: मुंबई कोणाला, पैसा किती, प्रदेश केवढा. देण्याघेण्यात जी माणसे इकडून तिकडे जाणार होती, त्यांचे नाव या वहीखात्यात कोठेच नव्हते.

ती माणसे आमच्या खानदेशची होती. त्याच अधिनियमाच्या परिशिष्टात ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची पन्नास गावे आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या भागांतील १५६ गावे आहेत. ही गावे गुजरातला देण्यात आली. त्यांतील बरीच आज उच्छल, निझर या परिसरात, म्हणजे गुजरातच्या तापी जिल्ह्यात मोडतात. त्याच सुमारास पश्चिम खानदेश हे नाव जाऊन धुळे जिल्हा हे नाव रूढ झाले, पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. नाव बदलल्याची नोंद सर्वांनी घेतली. अंग कमी झाल्याची फारशी कोणी घेतली नाही.

ही गावे का दिली? भाषेच्या आधारावर म्हणावे, तर तो आधार येथे लंगडा पडतो. या पट्ट्यातील भिल्ल, मावची, कोकणी, गावित समाजाच्या घरात बोलली जाणारी बोली पुस्तकी मराठीही नव्हे आणि पुस्तकी गुजरातीही नव्हे. भाषावार राज्ये करताना ज्यांच्या भाषेला राज्यच नव्हते, त्यांच्या डोक्यावरून सीमारेषा ओढली गेली. खरा हिशोब तापी नदीवरच्या उकाई धरणाचा होता. धरण गुजरातेत होणार, त्याच्या फुगवट्याखाली जाणारी जमीनही शक्यतो गुजरातेतच असावी, ही सोय पाहिली गेली. १९७२ साली धरण पुरे झाले. सुरतेकडच्या शेतीला पाणी मिळाले, वीज मिळाली. त्या लाभाबद्दल आम्हांस असूया नाही. पण ज्या मातीच्या बुडण्यातून तो लाभ झाला, त्या मातीच्या मालकाला ‘तू कोणत्या राज्यात राहणार’ एवढे तरी कोणी विचारायला हवे होते.

यावर एक ठरलेले उत्तर येते: धरणासाठी हे आवश्यकच होते. हे उत्तर टिकत नाही, आणि ते टिकत नाही याचा पुरावा आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. नर्मदेवरील सरदार सरोवरही गुजरातेतच बांधले गेले. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली निवाडा दिला. या धरणामुळे अक्कलकुवा व अक्राणी या भागांतील तेहतीस गावे बाधित झाली; परंतु ती गुजरातला दिली गेली नाहीत. दोन राज्यांत करारमदार करून धरण बांधता येते, हे यावरून सिद्ध झाले. अर्थात त्या तेहतीस गावांना महाराष्ट्रात राहून तरी न्याय मिळाला काय? त्यांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे नदीकाठी आणि रस्त्यावर झगडावे लागले. म्हणून आम्ही असे म्हणत नाही, की महाराष्ट्रात राहणे हेच सुख आणि गुजरातेत जाणे हेच दुःख. आमची तक्रार गुजरातविरुद्ध नाही. तक्रार आहे ती न विचारता देण्याविरुद्ध आणि न विचारता घेण्याविरुद्ध.

दुसरे उत्तर कायद्याचे येते. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. द्वैभाषिकाच्या संदर्भातील बाबूलाल पराते यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली हेच स्पष्ट केले. हे आम्हांस मान्य आहे. पण जे कायदेशीर ते सारे न्याय्य, असे आमच्या श्रद्धेने आम्हांस कधी शिकवले नाही. आणि जिथे विधिमंडळाच्या मताचेही बंधन नाही, तिथे डोंगरातल्या पाड्याच्या मताला कोण विचारणार? कायदा विचारण्याची सक्ती करीत नाही. पण तो विचारण्यास मनाईही करीत नाही.

विचारता येते, हे गोव्याने दाखवून दिले. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. दमण व दीव यांना गुजरातविषयी स्वतंत्र प्रश्न विचारला गेला. विलीनीकरण व्हावे असे मनापासून वाटणाऱ्या अनेक मराठी माणसांना तो कौल बोचला. परंतु त्या निर्णयावर गोवेकराची स्वतःची सही आहे, म्हणून तो टिकला. पश्चिम खानदेशच्या त्या गावांच्या भवितव्यावर कोणाची सही आहे?

आणि येथे महाराष्ट्राला आपल्याच तोंडाचे शब्द आठवून द्यावे लागतात. बेळगाव, कारवार, निपाणीच्या प्रश्नावर आपण काय मागत आलो आहोत? खेडे हा घटक धरा, भौगोलिक सलगता पाहा, भाषिक बहुसंख्या पाहा आणि लोकांची इच्छा विचारा. आंध्र व मद्रास यांच्या सीमावादात खेडे हा घटक मानणारे पाटसकर सूत्र आपण पुन्हा पुन्हा पुढे करतो. आणि ते हरिभाऊ पाटसकर १९५२ साली जळगावातूनच लोकसभेवर निवडून गेले होते, याचा खानदेशाला अभिमान आहे. १९६७ च्या महाजन आयोगाने हे तत्त्व मानले नाही म्हणून आपण संतापलो, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलो. हे सर्व योग्यच आहे. पण बेळगावच्या खेड्याला जे तत्त्व लागू, ते नवापूरच्या पाड्याला का लागू नव्हते? एका सीमेवर लोकेच्छा पवित्र आणि दुसऱ्या सीमेवर ती बिनमहत्त्वाची, असा दुटप्पी व्यवहार आपल्या न्याय्य मागणीलाच दुबळे करतो.

हा जुना विषय उकरून काय साधणार, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की तो जुना झालेलाच नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक फेटाळले होते, तरी संसदेने ते संमत केले. आणि राज्याचा जन्म होण्यापूर्वीच, मे महिन्याच्या अखेरीस, वटहुकूम काढून खम्मम जिल्ह्यातील सात मंडले आंध्रात ठेवण्यात आली. कारण? गोदावरीवरील पोलावरम धरणाचे बुडीत क्षेत्र. तेथील रहिवासी कोण? बहुतांशी कोया व कोंडा रेड्डी आदिवासी. उकाईची गोष्ट चोपन्न वर्षांनी शब्दशः पुन्हा घडली. ज्या चुकीची आठवण कोणी ठेवत नाही, ती चूक पुढच्या पिढीत प्रथा बनते.

परदेशात पाहावे, तर ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना जनतेला विचारले खरे. २३ जून २०१६ रोजी जवळजवळ ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. पण प्रश्न एवढाच होता: राहायचे की निघायचे? कसे निघायचे, हे मतपत्रिकेवर नव्हते. परिणामी पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार २०१९ साली संसदेने तीन वेळा फेटाळला, त्यांना पद सोडावे लागले आणि देश प्रत्यक्षात ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. या काळात सर्वांत मोठा पेच कोठे पडला? आयर्लंडच्या सीमेवर. १९९८ च्या करारानंतर जिथे चौक्या उठल्या होत्या, शेत एका बाजूला आणि चर्च दुसऱ्या बाजूला असली तरी माणसे निर्धास्त ये-जा करीत होती, तिथे पुन्हा कुंपण येणार काय, ही धास्ती पसरली. उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांनी संघात राहण्यास पसंती दिली होती. लंडनमध्ये ठरले, पण धास्ती सीमेवरच्या घरांनी सोसली.

आमच्याकडे अशी सीमा पाहावयाची तर नवापूरचे रेल्वे स्थानक पाहावे. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. परंतु ज्यांची रोटीबेटी या रेषेच्या दोन्ही बाजूंना चालते, त्यांना ती रेषा जातीचा दाखला काढताना, मुलाला शाळेत घालताना, जमिनीचा उतारा शोधताना भेटते. अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते. सून पलीकडच्या राज्यातली असली, की दाखला कोणत्या कचेरीचा, या प्रश्नाने घर हैराण होते. आणि ओढ उलटीही असते: २०२२ च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी, रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हांला गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली. तेव्हा कोणी त्यांना महाराष्ट्रद्रोही म्हटले असेल, तर त्याने आधी त्या गावांच्या रस्त्यांवरून पावसाळ्यात चालून यावे. राज्याची निष्ठा मागणाऱ्याने राज्याची सेवा आधी पोहोचवली पाहिजे.

उद्याचा प्रश्न अधिक जवळचा आहे. स्वतंत्र विदर्भाची मागणी अधूनमधून उठते. तिच्या बाजूने वा विरुद्ध आम्ही येथे मत देत नाही. पण जळगाव जिल्ह्याने एक प्रश्न आताच विचारून ठेवावा. विदर्भातून वाहत येणारी पूर्णा चांगदेव येथे तापीस मिळते आणि तिचे पाणी हतनूर धरणात येते. विदर्भ वेगळा झाला, तर पूर्णा विदर्भ आणि महाराष्ट्र यांच्यातही विभागली जाईल. तेव्हा पाण्याचा वाटा कसा ठरेल? जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरची खेडी कोणी, कोणत्या कसोटीवर वाटायची? ‘आधी राज्य मिळू द्या, मग पाहू’ हे उत्तर आम्ही एकदा ऐकले आहे. १५६ गावांनी त्याची किंमत मोजली आहे.

अब्राहाम आणि लोट यांची गुरे वाढली, गुराख्यांची भांडणे होऊ लागली, तेव्हा वेगळे होणे अटळ झाले. अब्राहाम वडीलधारा होता, बळही त्याच्याकडे होते. तरी तो पुतण्याला म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. निवड आधी तू कर. वेगळे होण्याची रीत ती ही. बलवानाने आधी दुबळ्याला विचारावे.

आम्ही सीमावर्ती गावांना नकाराधिकार मागत नाही. एका पाड्याने अख्ख्या राज्याची वाट अडवावी, असेही म्हणत नाही. मागणे एवढेच आहे, की सीमा बदलणाऱ्या कोणत्याही विधेयकाआधी बाधित गावाची ग्रामसभा भरावी, तिच्या बोलीत तिला सर्व सांगावे, तिचे मत लेखी नोंदवावे, आणि ते डावलायचे असेल तर कारणे त्याच गावात येऊन सांगावीत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय करण्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. जमिनीच्या तुकड्यासाठी जे विचारावे लागते, ते अख्खे गाव उचलून देताना विचारू नये, याला कोणता न्याय म्हणावा? मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो एकीचा पुरस्कर्ता असो वा वेगळे होण्याचा, खानदेशातल्या आमच्या कुटुंबांनी हाच एक प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत दारात थांबवून ठेवावे.