मँगनीज आणि गाणं



आपल्या तुमसर तालुक्यात चिखल्याला, डोंगरी बुजुर्गला मँगनीज निघतं. खणणारा आपला, भाव ठरवणारा भलताच. मी गोदीत ओझी वाहतो. हा हिशोब मला पाठीनं कळतो. रॅपच्या गाण्याचंही तेच चाललंय.

२०१९ साली 'गली बॉय' आला. गल्लीच्या भाषेवर पिच्चरवाल्यांनी कोट्यवधींचा गल्ला जमवला. त्यातल्या 'इंडिया ९१' गाण्यात एमसी मवाली, एमसी तोडफोड होते. हे मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचे गडी. त्याच साली त्यांनी आरेच्या आदिवासी पाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. जंगल-जमिनीची बाजू उघड घेतली. २०२० ला त्यांचा 'चेतावनी' अल्बम आला. तो काढला 'आझादी रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीनं. तोडफोड २०२२ मध्ये गेला, ऐन चोविशीत.

बाजार म्हणतो, खपलं नाही ते गाणंच नाही. च्यायला, मग वामनदादा कर्डकांना कुठल्या तराजूत घालणार? त्यांची गाणी तोंडोतोंडी गावोगाव गेली.

पण नुसत्या टाळ्यांनी चूल पेटत नाही. गोदीत हजेरी लागते, तशी गाणाऱ्यालाही लागली पाहिजे. पोरांनो, मोबाईलवर फुकट ऐकून 'भारी' म्हणणं बस झालं. जयंतीची वर्गणी डीजेच्या भिंतीत गाडू नका. अशा पोरांना मंचावर बोलवा. गाडीभाडं, मानधन आधी हातात ठेवा.

आपल्या गाण्याचा भाव आपणच ठरवू!