कमरेचा बाक पाकिटावरच्या अंशांतून येत नाही

सुपा एमआयडीसीतला कामगार असो की पारनेरच्या शिवारात कांदा खुरपणारी बाई, ‘मणक्यात गॅप आहे, नस दबलीय’ हे ऐकून माणूस नगर-पुण्याकडे निघतो. काहींना स्क्रू-रॉड आणि केज, म्हणजे दोन मणक्यांच्या मध्ये घालायचा पाचरीसारखा ठोकळा, बसवायचं ठरतं. मग दोन मतं कानावर येतात. एक म्हणतं, हाड जुळलं की झालं, केजचा आकार हा नुसता बाजार. दुसरं म्हणतं, जास्त अंशांच्या कोनाचा महाग केज घ्या, बाक आपोआप येईल. दोन्ही मतं मला मान्य नाहीत.

पहिलं मत इतिहासानंच खोडलंय. अमेरिकेतल्या पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली मांडलेल्या सळया वाकडा कणा ताणून सरळ करत. हाड जुळे, पण ताण कमरेत खालपर्यंत नेला की तिथला बाक सपाट होई आणि पुढं कित्येक रुग्ण झुकून, गुडघे मोडून चालू लागत. कमरेचा बाक साधारण ४० ते ६० अंशांचा असतो आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश शेवटच्या दोन सांध्यांत, म्हणजे मणके जखडण्याची बहुतेक ऑपरेशनं (फ्यूजन) होतात तिथंच. शिवाय कुणाला किती बाक हवा, हे त्याच्या ओटीपोटाच्या हाडांच्या ठेवणीवर ठरतं. फ्रान्सच्या जिनेट दुव्हाल-बोपेर यांनी हे मोजायला शिकवलं. चुकीच्या कोनात जुळलेलं हाड त्या कोनातच राहतं.

दुसऱ्या मताचा घोळ सूक्ष्म आहे. पंधरा अंशांचा केज घातला म्हणजे पाठीला पंधरा अंश मिळाले, असं होत नाही. पाठीमागून घातलेला गोळीच्या आकाराचा सरळ केज तिरपा बसला तर त्याची पाचर पुढं उघडतच नाही. मागं राहिला तर तो मागचीच बाजू उचलून धरतो आणि बाक उलट घटू शकतो. केळ्याच्या आकाराचा केज वळवून मणक्याच्या पुढच्या कडेला नेता येतो. तिथलं हाड कणखर असतं. मागचे सांधे मोकळे करून स्क्रू एकमेकांकडे आवळले की या केजवर टेकून बाक येतो. हे मोकळं करणं टाळलं, सळई सरळच ठेवली किंवा रुग्णाला टेबलावर मांड्या पोटाशी दुमडून निजवलं, तर केजचा कोन वाया जातो. हाड ठिसूळ असेल तर केज रुततो, मिळालेले अंशही जातात. पोटाकडून घातलेले मोठे केज जास्त बाक देतात, पण तिथं वाटेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. एकाच सांध्याच्या ऑपरेशनात सरळ आणि वक्र केजमुळे वेदनेत ठळक फरक पडतो, असं अभ्यासांत सातत्यानं दिसलेलं नाही. म्हणून ज्याचा बाक शाबूत आहे, त्या मजुराच्या घरच्यांनी केवळ आकारापायी कर्ज काढू नये. पण दोन-तीन सांधे जखडायचे असतील, तर ऑपरेशनआधी उभ्यानं, मांडीच्या खुब्यांसह पूर्ण कण्याचा एक्स-रे झालाच पाहिजे. झोपवून काढलेल्या एमआरआयवरून हा हिशेब होत नाही. किती बाक हवा आणि तो केज, सांधे, सळई यांतून कसा आणणार, हे डॉक्टरांनी मराठीत सांगावं आणि घरच्यांनी ते विचारावं.