गोगलगाय, घोंगडं आणि वर्ध्याची रेल्वे

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं काम 'गोगलगायीच्या गतीने' चाललंय, असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. मंडळी, ही इंग्रजी 'स्नेल्स पेस'ची सरळसरळ कॉपी-पेस्ट आहे! आपली गोगलगाय संथपणासाठी कधी प्रसिद्ध होती? 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणजे दिसायला गरीब, आतून बिलंदर. आता रेल्वेबद्दल तेच म्हणायचं असेल, तर माझी हरकत नाही...

ही २८४ किलोमीटरची लाइन मंजूर झाली २००८-०९ मध्ये. वर्ध्याहून गाडी कळंबपर्यंत जायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. याला मराठीत 'भिजत घोंगडं' म्हणतात हो! 'मुंगीच्या पावलाने' म्हणा हवं तर, पण मुंगी निदान चालत असते, घोंगडं नुसतं पडून असतं.

इंग्रजी गरीब आहे असं मुळीच नाही. ड्रॅग, लिंगर, क्रॉल असे बारीक फरक त्यांच्याकडेही आहेत. पण आपण उचललं काय, तर एकटं 'स्लो'. नेट स्लो, गाडी स्लो, काम स्लो, वेटर स्लो. अरे, काम रखडतं, पोरगं शाळेतून येताना रेंगाळतं, आणि आपण स्टेशनवर ताटकळतो. ताटकळण्यात पाय दुखतात, रेंगाळण्यात मजा असते. 'स्लो'मध्ये यातलं काय येतं?

आणि परवा ऑफिसात एकजण म्हणाला, "बिल्ड होईपर्यंत वेळ मारतोय." 'टाइम किल' करत होता बिचारा. मराठीत वेळ मारून नेतात ती मॅनेजरसमोर, डेडलाइन हुकल्यावर. तेही त्याला छान जमतं म्हणा.